पाचवी पायरी

जळकोटला हायवेलगत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, असलं रोजचं काम. पण मला खरी गोडी जुन्या फोटोंची. पिवळे पडलेले, वाळवीनं खाल्लेले, घडीवर चिरलेले फोटो लोक पिशवीतून आणतात आणि मी ते कॉम्प्युटरवर नीट करून देते.

या कामात आपण तरबेज आहोत असं मला वाटायचं. डाग दिसला की पुसायचा, चेहरा काळवंडलेला वाटला की उजळायचा, चुकलं की कंट्रोल झेड. शेवटी सेव्ह करायचं, तेही मूळ स्कॅनवरच. काय केलं ते लिहून ठेवायचं मनातसुद्धा आलं नाही. माझ्या हाताला सगळं ठाऊक होतं ना!

एकदा माकणीच्या एक मावशी आल्या. सत्तरीच्या असतील. लेक जळकोटला दिलेली, तिच्याकडं आल्या होत्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी अर्धा फोटो काढला. उभा फाटलेला. खुर्चीवर बसलेली नऊवारीतली बाई, डोक्यावर पदर, डोळे थेट आपल्याकडं.

"ही माझी अव्वा, माझी आई," त्या म्हणाल्या. "तिचा येवढाच फोटो हाय."

"आणि उरलेला अर्धा?"

"भावाकडं. त्यात आप्पा हायेत. अव्वा गेल्यावर दोघांत हिसकाहिसकी झाली, आन फाटला. तवापासनं बोलणं न्हाय."

एका दुपारात मी तो अर्धा फोटो लख्ख केला. फाटल्या कडेला पांढुरके डाग होते, तेही पुसले. मावशी खूश झाल्या. फ्रेम पदराखाली धरून गेल्या.

सहा-सात महिन्यांनी एक काका दारात उभे राहिले. धोतर, टोपी, हातात खाकी पाकीट. नात्यातल्या लग्नात वऱ्हाड बहिणीच्या घरी उतरलं होतं, तिथं त्यांनी ती फ्रेम पाहिली होती. उलटून बघितली तर मागं माझ्या स्टुडिओचं स्टिकर होतं. पाकिटात दुसरा अर्धा होता.

"ह्ये दोनी जोडता येतील का, बाई?"

"का नाही येणार!" मी म्हणाले. इतकी आनंदले होते की त्यांना बसा म्हणायचंही राहिलं.

आणि मग माझी फजिती सुरू झाली. आप्पांचा अर्धा स्कॅन केला, अव्वांची जुनी फाइल उघडली, दोन्ही शेजारी ठेवले. अव्वा तांबूस, आप्पा हिरवट. अव्वांचा चेहरा गुळगुळीत, आप्पांचा खरखरीत. दोन दिवस झटले. काही केल्या ते दोघं एका खोलीत बसल्यासारखे दिसेनात. त्या दुपारी मी रंग किती बदलला होता? आधी उजळलं होतं की आधी डाग काढले होते? सॉफ्टवेअर आपण केलेल्या गोष्टींची यादी ठेवतं, पण फाइल बंद केली की ती यादी जाते. आणि मूळ स्कॅन तर मीच माझ्या हातानं झाकून टाकला होता. मागं जायला वाटच ठेवली नव्हती.

काकांना खरं सांगितलं. "मावशींकडचा मूळ कागद लागेल. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुमीच लावा फोन."

मी लावला. सगळं सांगितलं. मग मावशींनी विचारलं, "त्यो तिथंच बसलाय का?"

"हो."

"च्या पाजला का त्याला?"

दोन दिवसांनी मावशी रुमालाची गाठ घेऊन आल्या. बहीणभाऊ माझ्या बाकाच्या दोन टोकांना बसले. मी दोन्ही तुकडे एकाच काचेवर ठेवून स्कॅन केले आणि नवी कोरी वही उघडली. पायरी एक, स्कॅन. पायरी दोन, सरळ केलं. तीन, जोडलं. चार, रंग सारखा केला, किती केला तो आकडा. पाच, फाटीजवळचे डाग पुसले. प्रत्येक पायरीला वेगळी कॉपी, वेगळा नंबर. चार दिवसांत बावीस पायऱ्या झाल्या. अव्वा आणि आप्पा शेजारीशेजारी बसले, एकाच उजेडात. मी खुर्चीतून उठून एकटीच टाळ्या वाजवल्या.

दोघांना बोलावलं. दोघंही स्क्रीनजवळ सरकले. मग मावशी म्हणाल्या, "पैल्यापासनं दाव की. कसं केलंस ते बघू दे."

मला काय, दाखवायला आनंदच! एक, दोन, तीन, चार, पाच.

"थांबा," काका एकदम म्हणाले. "मागं घ्या. आत्ता काय तरी गेलं."

मी चौथ्या पायरीवर आले. "डाग होते काका, दोन खुर्च्यांच्या मधे. कागद सोललाय तिथं."

"मोठं करा बरं."

मी मोठं केलं. आणखी मोठं केलं. फाटीच्या अलीकडं दोन पांढुरके ठिपके, पलीकडं दोन. एका ओळीत. ते डाग नव्हतेच. खुर्चीची कड पकडलेली चार इवलीशी बोटं होती! पहिल्या वेळी त्यांतली दोन मी बेधडक पुसली होती, आणि आता पुन्हा चारही.

"कुणाची वो ही?" काका म्हणाले.

मावशींनी तोंडावर हात ठेवला होता. "माझी," त्या म्हणाल्या. "तुळजापूरला जत्रंत काढला ह्यो फोटो. त्यो फोटोवाला काळ्या कापडात शिरला, मला वाटलं त्याला मुंडकंच न्हाय! म्या भिऊन खुर्चीमागं दडले. अव्वा सांगायची, तू फोटोत आलीच न्हाईस म्हणून."

"आन मी कुठं व्हतो, आक्का?"

"तू जलमायचा व्हतास, येड्या!"

इतक्या वर्षांनी तो तिला आक्का म्हणाला होता. पण त्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. दोघं स्क्रीनला नाक लावून बसले होते आणि मला घाई करत होते.

मी वही पुढं ओढली. चौथ्या पायरीपासून पुन्हा निघाले, बोटांना हात न लावता. मागच्या वेळी चार दिवस लागले होते. आता आकडे वहीत होते, क्रम वहीत होता. मी वाचत गेले, करत गेले. दर पायरीला काका मोठ्यानं म्हणायचे, "झाली का? फुडची?" फाटीची रेघ बोटांच्या मधून विरघळत गेली. सतराव्या पायरीला एका बोटाचं नख दिसलं आणि आम्ही तिघंही ओरडलो. शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून विचारलं, काय झालं म्हणून.

तासाभरात बावीस झाल्या. दोन प्रिंट काढल्या. अव्वा, आप्पा, आणि मधे चार बोटं.

मावशींनी प्रिंट हातात घेतली, बोटांवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या हातानं फोन काढून काकांपुढं केला, "लेकीला लाव माझ्या." काकांनी लावून दिला. पलीकडून हॅलो यायच्या आधीच मावशी हायवेवरच्या ट्रकांपेक्षा मोठ्यानं बोलू लागल्या, "अगं, म्या हाय! फोटोत म्या हाय!"