दोन मिनिटांचा संताप

देवाजीचा आवाज मूळचा वांग्याचा. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या आठवडी बाजारात वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या आणि मिरच्या विकता विकता तो तयार झाला होता. एका बाजूला कांदेवाले, समोर भांडीवाले, मागे हायवेवरचे ट्रक. या गलक्यातून ज्याचा आवाज पुढे जाईल त्याचंच वांगं खपणार. देवाजीचं वांगं कधी घरी परत आलं नाही. मग चिंचधरी गावात दवंडी देणारा म्हातारा थकला तेव्हा पंचायतीला दुसरा माणूस शोधावा लागला नाही. देवाजीच्या गळ्यात डफडं अडकवलं, काम झालं.

त्याला आता बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सरपंच बदलले, सेक्रेटरी बदलले, जिल्ह्याचे चार तुकडे झाले, पण दवंडीतला बाजार काही गेला नाही. पोलिओचा डोस आला की तो ओरडे, "आजच्याले हाये, उद्याच्याले नाई!" मतदार यादी लागली की, "पाहून घ्या, निवडून घ्या!" लोक हसत, पण ऐकत. डोसाला पोरं यायची, यादीत नावं पाहिली जायची.

ग्रामसभेलाच मात्र कोणी यायचं नाही. मागच्या सभेला सात जण आले, त्यातले दोघं सावलीला. त्याच्या आधीच्या सभेला अकरा आले होते, पण त्या दिवशी शेजारी रेशन वाटप होतं. रजिस्टरवर पाऊणशे सह्या हव्या असायच्या. दोन्ही वेळा सभा झालीच नाही.

पंचायत सेक्रेटरी प्रियदर्शनी मॅडम जगित्यालकडच्या. आदिलाबादला खोली करून राहायच्या, रोज स्कूटीवर यायच्या. बोली घरची तेलुगू, कामाला हिंदी, आणि आठ महिन्यांत जमवलेली मराठी. त्या मराठीत सगळ्यात पक्की वाक्यं दोनच होती, "बसा" आणि "उद्या या". त्यांनी देवाजीला टेबलापाशी बोलावलं.

"देवाजी काका, ये तिसरी बार है. मंगळवारी लोक नाही आले तो दंडोरा बंद. व्हॉट्सॲप ग्रुप पे मेसेज डालूंगी. ठीक?"

"ठीक," देवाजी म्हणाला. काय ठीक होतं ते त्यालाच ठाऊक.

घरी येऊन त्यानं डफडं खुंटीला टांगलं आणि त्याच्याकडे पाहत बसला. बायको रेणुकाबाई भाकरी थापत होती.

"काऊन गप झाले?"

"दवंडी बंद करून राह्यले. फोनवर सांगतीन म्हणते आता."

रेणुकाबाईनं भाकरी उलटली. "मंग तुमी ओरडान कुठी? घरात तर तुमचं कोणी ऐकत नाई."

बोलली ती चेष्टेत, पण देवाजीला ते रात्रभर टोचलं. बाजार त्यानं दोन वर्षांपूर्वीच सोडला होता, गुडघे धरले म्हणून. आता दवंडी गेली तर त्या आवाजाचं करायचं काय? गायीला हाक मारायला एवढा आवाज लागत नाही.

शनिवारी मॅडमनी सभेचा कागद दिला. त्या वेळी त्यांच्या कानाला फोन होता, समोर दुसऱ्या मोबाईलवर वरच्या साहेबांची मिटिंग चालू होती आणि तिसऱ्या हातानं, म्हणजे तसा तिसरा हात असता तर, त्या रजिस्टर भरत होत्या. एरवी त्या कागद वाचून अर्थ सांगायच्या. या वेळी नुसतं बोट दाखवलं.

देवाजीला तेलुगू अक्षरं येत होती. बसच्या पाट्या वाचून वाचून शिकला होता. अक्षर वाचायचा तेलुगू आणि अर्थ लावायचा मराठी, आणि बसच्या पाटीपुरतं हे धोरण कधी चुकलं नव्हतं. आदिलाबाद दोन्हीकडे आदिलाबादच. अर्थ विचारायला हवा होता, पण बावीस वर्षांच्या माणसानं आठ महिन्यांच्या मुलीला काय विचारायचं! बाहेर येऊन चिंचेखाली त्यानं कागदावर बोट ठेवलं.

मंगळवार. दहा वाजता. ग्राम सभा. पहिला विषय, सं-ता-प ती-र्मा-न-म्.

तीर्मानम् म्हणजे ठराव, हे त्याला ऐकून ऐकून पाठ होतं. आणि संताप म्हणजे संताप. त्यानं पुन्हा वाचलं. तेच होतं. संतापाचा ठराव. देवाजी कागदाकडे नव्या आदरानं पाहू लागला. बावीस वर्षांत सरकारनं पहिल्यांदा लोकांच्या मनातलं लिहिलं होतं.

त्यानं डफड्यावर अशी थाप मारली की चिंचेवरचे बगळे उठले.

"ऐका हो ऐका! मंगळवारी दहा वाजता पंचायतीत संतापाचा ठराव हाये! ज्याच्या मनात संताप असन त्यानं संताप घेऊन यावं! नळाचा असो, नालीचा असो, दिव्याचा असो! बायामाणसायनं बी यावं! आजवरचा जुना संताप चालते!"

खालच्या आळीतली शकुबाई दारात भांडी घासत होती. गावात तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. तिनं हातातला गंज, म्हणजे पातेलं, खाली ठेवला.

"खरं सांगते का बे देवाजी?"

"कागदावर लिवलं हाये, काकू. छापील."

"येतो मंग," शकुबाई म्हणाली, आणि गंजाचं उरलेलं काळं अशा जोरानं घासलं की तिच्या सुनेनं आतून डोकावून पाहिलं.

मंगळवारी पावणेदहाला प्रियदर्शनी मॅडम पोचल्या आणि स्कूटी लावायला जागा मिळेना. पंचायतीचं अंगण भरलं होतं. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, उशिरा आलेले भिंतीवर. एकानं नालीतलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, पुरावा म्हणून. सगळ्यांचे चेहरे तापलेले. मॅडमना आधी वाटलं, भांडण झालं. मग वाटलं, गाव किती हळवं आहे.

कारण समोर खुर्चीवर माजी सरपंच यशवंतरावांचा हार घातलेला फोटो होता. यशवंतराव महिन्याभरापूर्वी वारले होते. त्यांच्या बायकोला, जयवंताबाईंना, सरपंच चंपतरावांनी स्वतः जाऊन आणलं होतं आणि पुढे बसवलं होतं. त्या डोक्यावरचा पदर सावरत गर्दीकडे पाहत होत्या. एवढी माणसं तेराव्यालाही नव्हती.

फोटो पाहून मागे कुजबुज सुरू झाली. शकुबाई शेजारणीला म्हणाली, "संताप यशवंतरावावर हाये का वं? मेलेल्या माणसावर काय संतापाचं?"

मॅडम उभ्या राहिल्या. हात जोडले. "नमस्कारम्. सगळे उठा. यशवंतराव सरपंच गारू के लिए, दोन मिनिट संताप."

सगळे उठले. पण गप्प कोणी राहिलं नाही.

"दोनच मिनिट?" भिंतीवरून कोणीतरी म्हणालं.

"दोन मिनिटात कसा होईन?" शकुबाई म्हणाली. "माह्या एकटीचा संताप दोन मिनिटात होत नाई. पूरं गाव हाये."

"सायलेंट," मॅडम गोंधळून म्हणाल्या. "संताप सायलेंट."

"गपचूप संताप तर आमी घरी बी करतो, बाई! मंग इथी काऊन बलावलं?"

चंपतराव सरपंचांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी आधी मॅडमकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग बाटलीकडे, आणि हळूच कपाळाला हात लावला.

"देवाजी," ते म्हणाले, "तू दवंडीत काय सांगितलं?"

देवाजी दाराशी उभा होता. त्यानं सांगितलं. जे सांगितलं होतं तेच सांगितलं, फक्त आवाज वांग्याचा नव्हता.

"अरे, तेलुगूत संताप म्हणजे दुखवटा," चंपतराव म्हणाले. "कोणी गेलं की सभेत करतात तो. हा यशवंतरावायच्या दुखवट्याचा ठराव हाये."

मग बाटलीवाला म्हणाला, "म्हणजे मी हे नालीचं पाणी दुखवट्याले आणलं?"

मागचे दोघं-तिघं हसले, पण बाकीचे चिडले. देवाजीनं फसवलं, कापूस वेचायचा सोडून आलो, असं म्हणत माणसं चपला शोधू लागली. रजिस्टर अजून उघडलंसुद्धा नव्हतं. मॅडमनी घाईनं ते उघडलं. अंगणात शंभरावर डोकी होती आणि कागदावर एकही सही नव्हती. त्यांनी देवाजीकडे पाहिलं. देवाजीनं डफड्याकडे पाहिलं. ते बिचारं त्याच्या पोटाशी आडवं पडून होतं, जणू त्याला काहीच माहीत नव्हतं.

तेवढ्यात जयवंताबाई उठल्या. बाई हळू बोलायच्या, म्हणून चपला शोधणारे थांबले.

"बसा ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमच्या मालकायनं इथी दहा वर्षं सरपंचकी केली. दहा वर्षात त्यायच्यापुढं कोणी दोन मिनिट गप राह्यलं नाई. नळ येत नाई, दिवा लागत नाई, हेच ऐकत गेले. आता तुमी गप उभे राह्यले तर त्यायले वळखू तरी येईन का, हे माह्यंच गाव हाये म्हून?" त्यांनी फोटोचा हार सरळ केला. "तुमी आणला तो संताप बोला. दुखवटा मांगून करू."

फोटोतले यशवंतराव तसेच हसत होते. खरोखर, सवय झालेल्या माणसासारखे.

माणसं बसली. मॅडमना चंपतरावांनी सगळं तेलुगूत सांगितलं, तेव्हा त्या आधी लाजल्या आणि मग पेनाचं टोपण काढलं.

"एक एक बोला. मी लिहिते. जो लिखा, उसका जवाब मला पुढच्या सभेत देना पडता. नाही लिहिलं तो जवाब बी नाही."

हे गावाला नवीन होतं. चहाच्या टपरीवर बोललेलं कोणी लिहीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इथे बोललेलं लिहून ठेवतात आणि वर उत्तरही द्यावं लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण ते त्या सात जणांना.

शकुबाईनं सुरुवात केली. खालच्या आळीत नळ दहा मिनिटं येतो आणि वरच्या आळीत अंगणं धुतात. मग बाटली टेबलावर आली, मॅडमनी ती दोन बोटांनी बाजूला सरकवली आणि शाळेजवळची नाली लिहून घेतली. मग खांबावरचा दिवा. तो रस्त्याकडे नाही, चंपतरावांच्या गोठ्याकडे तोंड करून होता.

"म्हशीले रात्री वाचाचं असन," शकुबाई म्हणाली.

चंपतराव हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. "फिरवतो उद्या. पण माहा बी संताप लिवा, मॅडम. हे सगळे मले टपरीवर शिव्या देतेत. इथी येऊन देत नाईत. आज पयल्यांदा तोंडावर बोलले."

मॅडमनी तोही लिहिला.

"लिवलं का समदं?" शकुबाईनं विचारलं. "वाचून दाखव बरं, माय."

"तेलुगूमध्ये आहे."

"मंग देवाजी वाचीन." शकुबाई थांबली. "नको. देवाजी नको. सरपंच वाचा."

अंगण हसलं. देवाजीही हसला, पण त्याचे कान तापले होते. आता सह्या होतील, सभा होईल, आणि मॅडम म्हणतील, चुकीची दवंडी देणारा माणूस काय कामाचा. फोन निदान लिहिलेलं तसंच पोचवतो.

मॅडम म्हणाल्याही. "आज लोक आले, बहुत अच्छा. लेकिन ये गलती से आले. पुढच्या बारी व्हॉट्सॲप..."

"तो फोन माह्या सुनेपाशी राह्यते," शकुबाई म्हणाली. "सून रिकामी झाली तर सांगते, नाई तर नाई सांगत. देवाजीचं डफडं माह्या दारात वाजते. चुकीचं वाजलं तरी वाजते. लिवा, दवंडी बंद करू नये."

"मेसेज बी टाका, दवंडी बी द्या," जयवंताबाई म्हणाल्या. "मालकायले आवडे त्याची दवंडी."

हात वर झाले. प्रियदर्शनी मॅडमनी ते मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. त्यांनी एक ओळ लिहिली.

मग सगळे उभे राहिले आणि यशवंतरावांसाठी दोन मिनिटं गप्प राहिले. दोन तास बोलून झाल्यावर गाव गप्प बसू शकतं, हे त्या दिवशी कळलं. फक्त चिंचेवरचे बगळे बोलत होते, आणि त्यांना कोणी अडवलं नाही.

सह्या आणि अंगठे चालू झाले. रांग सरली तरी देवाजी दाराशीच होता. बावीस वर्षं तो सभेला माणसं बोलावत होता आणि स्वतः दाराबाहेर उभा राहत होता. बोलावणाऱ्यानं बसायचं असतं, हे त्याला सुचलं नव्हतं.

"काका, तुम्ही पण गावचेच ना?" मॅडम म्हणाल्या. "या. सही."

देवाजीनं डफडं बाजूला सरकवलं, पेन घेतलं आणि सवयीनं ठरावाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. दं-डो-रा. पुढचा शब्द लांब होता. तो ओठ हलवत वाचू लागला.

बायांच्या गर्दीतून रेणुकाबाईचा आवाज आला. "आधी अर्थ इचारा!"

सगळं अंगण त्याच्याकडे पाहत होतं. देवाजीनं पेन खाली ठेवलं, मान वर केली आणि आठ महिन्यांच्या मुलीला, आयुष्यात पहिल्यांदा, हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ह्याचा अर्थ काय व्हते?"

"कोनसागुतुंदी," मॅडम म्हणाल्या आणि ‘चालू राहील’ला मराठी शब्द शोधू लागल्या. "म्हणजे... उद्या या."

देवाजीनं सही केली. दोन ओळी अडवून, मराठीत.