ढब्बू काय शिकला

माझ्या नणंदबाई तुरुंगाच्या श्वानपथकात कुत्री शिकवतात. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "दिवसभर इतक्यांना ऊठ-बस सांगते, घरी आणखी एक कशाला?" त्यांच्या हाताखालचा एक कुत्रा स्फोटकं शोधतो, एक लपवलेले मोबाइल, आणि एक तर चक्क गाद्यांमधले ढेकूण. वास सापडला की चेंडू मिळतो, एवढं डोक्यात पक्कं बसलं की झालं, असं त्या सांगतात.

निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा कुत्रा ढब्बू. बराकींत तंबाखूला बंदी, म्हणून त्याला निकोटिन शिकवायचं होतं. सरावात एकदाही चुकला नाही. परीक्षेत मात्र ओळीने मांडलेल्या सगळ्या बरण्यांपुढून, तंबाखूच्या बरणीपुढूनही, सरळ चालत गेला.

साहेब म्हणाले, "बाई, याला सर्दी झालीय का? पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. तेव्हाही असंच झालं तर पथकातून काढावं लागेल."

त्या रविवारी वन्सं त्याला घेऊन माझ्याकडे आल्या. ढब्बू स्वयंपाकघरात शिरला आणि सिंकपुढे ताठ बसला. वास सापडल्याची त्याची हीच खूण.

"वहिनी, खरं सांगा, कधीपासून ओढता?"

"मला जिना चढताना दम लागतो, वन्सं. धूर कुठून काढू?"

सिंकवर माझे भांडी घासायचे रबरी हातमोजे वाळत होते. मी ते खिडकीत टांगले. ढब्बू उठला आणि खिडकीखाली जाऊन बसला.

वन्संचा चहा कपातच राहिला. सरावात तंबाखूच्या बरणीला आपल्या हाताचा वास लागू नये, म्हणून त्या रबरी हातमोजे घालत. रिकाम्या बरण्या मात्र नुसत्या हातांनी मांडत. परीक्षेत साहेब सगळ्याच बरण्या चिमट्याने उचलतात. तिथे रबर नव्हतंच.

"लेकरू बिचारं रबर शिकलं," त्या म्हणाल्या, "आणि मी त्यालाच बोल लावत होते."

सोमवारपासून भरलेली काय नि रिकामी काय, प्रत्येक बरणी हातमोजे घालूनच मांडायची असं ठरलं. पहिले काही दिवस ढब्बू रिकाम्या बरणीपुढे बसे, चेंडूची वाट बघे आणि हिरमुसून उठे.

दुसऱ्या परीक्षेत तो ओळीच्या टोकापर्यंत हुंगत गेला. तो मागे फिरला, दुसऱ्या बरणीपुढे बसला. साहेबांनी झाकण काढलं. आत तंबाखू होता.

आता रविवारी दोघं येतात. हातमोजे सिंकवरच वाळत असतात. ढब्बू त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.