पास्कूचा पेला

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी निर्मळ नाक्यावरच्या टपरीवर दुसरा चहा पीत होतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता आणि यंदाही चहा सोडल्याचं मी गावभर सांगून ठेवलं होतं. फोनवर त्याची बायको रेमी होती. "भाऊजी, हे गेले... झोपेतच," एवढंच म्हणाली. मी कप बाकड्यावर ठेवायला गेलो तो बाकड्याच्या बाहेर ठेवला. चहा चपलेवर सांडला. पास्कू असता तर म्हणाला असता, चपलेलासुद्धा उपवास करू देत नाहीस.

पास्कू माझा शाळेपासूनचा मित्र. भुईगावात त्याची केळीची वाडी, कडेने थोडा मोगरा. दोन्ही किडन्या गेल्यावर आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिससाठी विरारला जावं लागे. स्कूटरवर मी न्यायचो, कारण मी निवृत्त झालो होतो आणि मला घराबाहेर काढायची संधी माझी बायको शोधतच होती. दिवसभरात पास्कूने किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. रेमीने स्टीलच्या एका उंच पेल्यावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. पाणी, चहा, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या रेघेच्या आतलं. भर उन्हात हा माणूस केळींना पाटाचं पाणी सोडायचा आणि स्वतःच्या जिभेवर बर्फाचा एक खडा ठेवून उभा राहायचा.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन मी त्याच्या ओटीवर गेलो आणि ऐटीत सांगितलं की ईस्टरपर्यंत चहा बंद. ज्याला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं त्याच्यासमोर! पास्कूने पेल्यातला एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, वाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मीपण सोडतोय. मशीन." रेमी दारात वालाच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "चार तास पडून राहायचं, दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचं, तिसऱ्या दिवशी परत तेच. कशासाठी रे, आंतोन?" काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "निदान माझा चहा किती दिवस टिकतो ते तरी बघ."

"आठ दिवससुद्धा नाही."

"ईस्टरपर्यंत टिकणार. तोवर तू मशीनवर यायचं."

"आणि तू प्यायलास तर?"

"तर तू मोकळा," मी बोलून बसलो. रेमीने माझ्याकडे पाहिलं तेव्हा कुठे मला कळलं, पैजेला मी काय लावलं होतं ते.

दहा दिवस मी टिकलो. पण तो आत मशीनला जोडलेला, मी बाहेर चार तास, आणि समोरच टपरी... अकराव्या दिवशी मी प्यायलो. आणि मग भीतीने गारठलो, कारण आता हे त्याला कळणं म्हणजे संपलंच. परतताना तोंडात लवंगा भरायचो, स्कूटरवर मान मागे वळवायचो नाही, बोललो तर एका शब्दात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत मी इतक्या कळवळून गुडघे टेकायचो की माझी बायको म्हणाली, "एवढं काय केलंय तुम्ही?"

ईस्टरच्या सकाळी मी पास्कूकडे गेलो. तो ओटीवर, हातात तोच पेला. म्हणाला, "प्रभू क्रुसाच्या वाटेवर तीनदा पडला. तू किती वेळा पडलास?"

मी चपला काढायला खाली वाकलो.

"आल्याचा चहा पितोस आणि वर लवंग खातोस. मागे बसणाऱ्याला नाक असतं, बाबा. दुसऱ्या आठवड्यापासून माहीत आहे मला."

"मग तू मशीन का नाही सोडलंस?"

त्याने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. "तुझी ती धडपड बघत होतो. मी जगावं म्हणून एक माणूस इतकं वाईट खोटं बोलतोय... म्हटलं, चार तास पडून राहण्याएवढे कष्ट आपणही घ्यावेत." त्यानंतर पैज कसलीच नव्हती, तरी तो जात राहिला. त्याच आठवड्यात त्याने केळीचे नवे कंद लावले. घड यायला वर्ष लागतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्याला जाऊन आता तीन आठवडे झालेत. काल भुईगावला गेलो. वाडीत त्या केळींना घड धरलेत, बांबूचे टेकू रेमीने स्वतः लावलेत. तिने चहा आणला, त्याच पेल्यात, लाल रेघेपर्यंत.

"उपवासकाळ आहे," मी म्हणालो.

"कोणाला सांगता?"

मी पेला घेतला. ठरवलं, त्याच्यासारखा पिऊ. एक घोट घ्यायचा, पेला खाली ठेवायचा, वाडीकडे बघायचं, मग दुसरा. तीन घोट जमले. मग बोलण्याच्या नादात कधी तळ लागला ते कळलंच नाही. रेमीने पेला उचलला, आत डोकावून पाहिलं.

"ह्यांना हा अख्खा दिवस पुरायचा," ती म्हणाली. "राहू द्या, भाऊजी. तुम्हांला नाही जमायचं."