धाकट्या भावाची प्रतिनिधी

मी अलिबागच्या कोर्टात वकिली करते. व्यसनी नवऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध उपचाराला कसं न्यायचं, हे विचारायला बायका येतात. त्यांना मी एकच बजावते: फसवून नेऊ नका, कायद्यानं वाट दिली आहे. माणसानं स्वतः लिहून नेमलेल्या प्रतिनिधीनं अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, मग तीस दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येतं. बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन फसवूनच नेतात.

माझ्या भावजयीनंही तेच केलं.

धाकटा भाऊ डॉक्टर, नागावला दवाखाना. दारू आधीपासून होती, पुढे जोडीला झोपेच्या गोळ्या आल्या. एकदा त्यानं एका लहान मुलीला मोठ्या माणसाचा डोस लिहून दिला. औषधवाल्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्यानं गुपचूप भावजयीला फोन केला. पुढची चिठ्ठी त्याच्या नजरेतून सुटली तर, ही धास्ती तिनं घेतली. नवऱ्याला म्हणाली, "चला, पालीला जाऊन येऊ." आमच्याकडे डॉक्टरला नाही म्हणणारे पुष्कळ, बल्लाळेश्वराला कुणी नाही म्हणत नाही. बसला गाडीत.

देवाच्या नावानं खोटं नको, म्हणून तिनं खरंच दर्शन घडवलं. रांगेत उभी राहिली, प्रसादाचे लाडू घेतले आणि मग गाडी खोपोलीच्या रस्त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेली. दारातच तिथल्या दोघा माणसांनी त्याचे दंड धरले.

दुपारी तिथल्या फोनवरून भाऊ म्हणाला, "ताई, तू वकील आहेस ना? काढ मला इथून."

मी गेले. केंद्राचा चालक शांतपणे म्हणाला, "म्याडम, हितं येनारा परत्येक जन ह्येच बोलतो."

"बोलत असेल. तुमची नोंदणी दाखवा."

नोंदणी नव्हती, डॉक्टरही नव्हता. अर्ध्या तासात भाऊ बाहेर. वाटेत तो लाडू खात माझं कौतुक करत होता. केंद्रातच थांबलेली भावजय मागच्या सीटवर प्रसादाची पिशवी धरून बसली होती. नागावला उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, कायदा जिंकला तुमचा. उद्या हे दवाखाना उघडतील." मला तिचा संताप आला, कारण तिचं बरोबर होतं.

मी त्याची नेमलेली प्रतिनिधी होते. वर्षभरापूर्वी हा कायदा मी त्याला समजावला, तेव्हा साध्या कागदावर त्यानंच हसत लिहून दिलं होतं, "डोकं फिरलं तर तूच बघ माझं." चार दिवसांनी त्याच्या ओटीवर बसून मी सांगितलं, "सोमवारी मी अर्ज करणार आहे. पळून गेलास तरी करणार."

दोन तज्ज्ञांनी रीतसर तपासलं. मी सही केली. अपील करता येतं, हेही मीच त्याला वाचून दाखवलं. तो माझ्याकडे बघत होता, मी कागदाकडे. नंतर कोर्टाच्या बाररूममध्ये जाऊन मी रडले. तिथे वकील दुसऱ्यांना रडवून येतात, त्यामुळे सगळे घाबरले.

तीस दिवसांनी तो घरी आला. हात स्थिर, चेहरा उतरलेला. चहा झाल्यावर त्यानं कोरा कागद मागितला. माझी नेमणूक रद्द केली आणि प्रतिनिधी म्हणून बायकोचं नाव लिहिलं. तो त्याचा हक्क आहे, हेही त्याला मीच शिकवलं होतं.

"तिनं तर तुला फसवून नेलं होतं," मी म्हणाले.

"हो. ती घाबरली होती गं. तू घाबरली नव्हतीस."

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला, बरोबर आहे का बघायला. मी किती घाबरले होते ते सांगायला मी तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "तारीख राहिली आहे, ती टाक."