नऊ टन आणि आठ टन मिळून अठ्ठ्याण्णव

मंडळी, आज सकाळी माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला फितूर ठरवलं.

ऊस कारखान्याला जायच्या आधी दोन ट्रॉल्यांच्या वजनाची बेरीज करायला मी त्यांना मोबाइलवर एक पान बनवून दिलंय. त्यांनी एका चौकटीत नऊ टन टाकले, दुसरीत आठ. उत्तर आलं अठ्ठ्याण्णव!

तात्या खूश व्हायच्या ऐवजी दचकले. "कारखान्यावाले आपल्या उसाचं वजन जास्त कवा दावत्यात व्हय रं? ह्यात कायतरी गोम हाय."

गोम माझ्या कोडात होती. चौकटीत टाकलेला आकडा जावास्क्रिप्टला, म्हणजे त्या पानाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला, मजकूर वाटतो. त्यामुळं अधिकचं चिन्ह बघून ते नऊच्या शेजारी आठ चिकटवून मोकळं झालं. मी कोड बदलून दोन्हींचे आधी नंबर करून घेतले. सतरा आले.

तात्यांनी मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला.

"अठ्ठ्याण्णवाचं सतरा केलंस! कारखान्याच्या वजनकाट्यावर कवा लागलास रं कामाला?"