रस्ता चालू होता

वैशालीचा फोन आला तेव्हा मी हिल्सबरोच्या आमच्या घरामागे कपडे वाळत घालत होतो. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, ऑकलंडात ऊन पडलं की माणूस बाकी सगळं सोडून आधी कपडे बाहेर काढतो. "सतीश, मिलिंद गेला रे," ती म्हणाली. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" तिच्या मागे कुणीतरी हळू आवाजात इंग्रजीत बोलत होतं, ॲम्ब्युलन्सवाली माणसं असावीत. सकाळी तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून तिने दार ढकललं. हृदयविकाराचा झटका. नंतर त्याच्या ऑफिसच्या बॅगेत ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. म्हणजे छातीत दुखत होतं आणि हा गृहस्थ गोळ्या चघळत कामावर जात होता. सांगितलं का नाही? तर वैशाली उगाच काळजी करेल म्हणून! जन्मभर अख्ख्या जगाची काळजी वाहिली आणि जिथे करायची तिथे केली नाही. मला याचा अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आमची मैत्री पुण्यातली, तिच्यात असले नियम कधीच नव्हते.

इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात आणि हॉस्टेलला एका खोलीत होतो. तेव्हापासून हा तसाच. परीक्षेला दोन पेनं सगळेच नेतात, हा घड्याळंही दोन न्यायचा. सिंहगडावर जायचं ठरलं की आम्ही कांदाभजीचा विचार करायचो आणि हा परतीच्या शेवटच्या बसचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" म्हणून आम्ही चिडवायचो, तर म्हणायचा, "चिडवा लेको, बस चुकली की माझ्याकडेच याल." आणि जायचोही. २०११ साली, क्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला त्याच वर्षी, तो बायकोला, वैशालीला, आणि दहा वर्षांच्या लेकीला, ईशाला घेऊन ऑकलंडला आला. बॉटनी डाउन्सला भाड्याचं घर घेतलं. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तर हा घरमालकाची परवानगी काढून, ड्रिल घेऊन, कपाटं भिंतीला जखडत होता. "अरे, ऑकलंडात भूकंपाचं एवढं भय नाही," मी म्हटलं, "इथे ज्वालामुखी आहेत." ड्रिल थांबलं. "ते पण आहेत?" असं त्याने ज्या चेहऱ्याने विचारलं, तो चेहरा मी आमच्या मंडळीत कित्येक वर्षं करून दाखवत असे.

अशा माणसाच्या पोरीला नेमकी रग्बी आवडावी! त्याने तिला पोहायला घालून पाहिलं, बॅडमिंटनची रॅकेट आणून दिली, नेटबॉलच्या मैदानावर सोडून आला. पोरगी तिथून पळून रग्बीच्या मैदानावर. इकडे कॉलेज म्हणजे आपली माध्यमिक शाळा, आणि कॉलेजची पहिली टीम म्हणजे गावाचं दैवत. शनिवारी फुटी, म्हणजे रग्बीच, बघायला मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आजी-आजोबा, शेजारीपाजारी सगळे हजर. थांबवता येत नाही म्हटल्यावर मिलिंद त्या टीमचा मॅनेजर झाला. कारण अगदी साधं होतं, मॅनेजरला मैदानाच्या अगदी जवळ उभं राहायला मिळतं. बर्फाच्या पिशव्या, पट्ट्या, संत्र्याच्या फोडी, मुलींच्या हरवलेल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, सगळं याच्याकडे. मी वैशालीच्या साबुदाणावड्यांसाठी जायचो, खोटं कशाला बोलू? समोरची धिप्पाड पोरगी ईशाच्या अंगावर धावून आली की मिलिंद डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि मला विचारायचा, "उठली का रे?" मी उठली म्हटल्यावरच डोळे उघडायचा. आपल्या लेकीचं खरं कसब त्याने मिटल्या डोळ्यांनीच पाहिलं असं म्हणायला हरकत नाही.

आणि पोरगी खेळायची मात्र झकास. गेल्या वर्षी तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. विभागाच्या अठरा वर्षांखालच्या संघात जायचं, एवढं एकच वेड डोक्यात. पण निवड करणारे लोक फक्त वरच्या गटातले सामने बघतात. त्या गटात जायचं तर एप्रिलमधला एक पात्रता सामना जिंकायला हवा होता. आदल्या दिवशी सरावाचा सामना ऑकलंडपासून दोनेक तासांवर, कोरोमंडेलकडे होता. मुलांच्या आणि मुलींच्या टीमा दोन वेगवेगळ्या बसने गेल्या, मुलींबरोबर मॅनेजर म्हणून मिलिंद होता, आणि संध्याकाळी सगळे परत येणार होते. वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण रात्री उशिरा येईल असा अंदाज होता. ते दुपारीच आलं.

बॉटनीत संध्याकाळी वीज गेली. वाऱ्याने कुणाचं ट्रॅम्पोलिन उडून थेट कुंपणावर जाऊन बसलं, झाडं आडवी झाली. वैशालीला गाडी चालवायचा धीर होईना, म्हणून मी तिला कॉलेजच्या हॉलवर घेऊन गेलो. तिथे सगळ्या पालकांनी मोबाइलचे दिवे लावून ठेवले होते. थोड्या वेळाने मुलांची बस आली. पोरं भिजलेली, पण हसत-खिदळत उतरली. आम्ही तिच्या मागे बघतोय... मागे कुणीच नाही. ड्रायव्हर म्हणाला, समुद्राकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत मुलींची बस मागे दिसत होती, मग दिसली नाही. त्या रस्त्याच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काय, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. कुणाचाच फोन लागत नव्हता. कॅप्टन मुलीचा बाप ग्रेग, एरवी मोठ्या आवाजाचा आनंदी माणूस, खिडकीपाशी उभा राहून काचेवर नखं वाजवत होता.

तेवढ्यात वैशालीचा फोन वाजला. एकच रिंग, आणि बंद. अनोळखी नंबर, कुठल्या तरी घरातला. लावून बघितला तर लागेना. ग्रेग ओरडलाच, "दे गॉट कट ऑफ!" कुणाची तरी आई रडायला लागली. वैशाली एकदम म्हणाली, "नाही नाही. ते पोचलेत. कुठेतरी सुखरूप पोचलेत." आता यांना कसं समजवायचं? आपल्याकडे माणूस गावाला पोचला की एक रिंग देऊन ठेवून देतो, पलीकडच्याने उचलायचा नसतो, हे मी माझ्या परीने सांगितलं. ग्रेग माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला पत्रिका बघून भविष्य सांगतोय. "हू रिंग्ज वन्स?" तो म्हणाला. वैशाली पुन्हा ठासून म्हणाली, "माय हजबंड." आवाज खणखणीत होता, पण माझी बाही तिने इतकी घट्ट धरली होती की तिला स्वतःलाच खात्री नाही, हे मला कळत होतं. बऱ्याच वेळाने कोचचा मेसेज आला, मुली एका वस्तीवरच्या हॉलमध्ये सुखरूप आहेत, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. ग्रेगने वैशालीला मिठीच मारली.

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्यावर लाटांचं पाणी यायला लागलं होतं. मिलिंद उठून ड्रायव्हरपाशी गेला आणि बस थांबवा म्हणाला. ड्रायव्हर इथल्या पद्धतीने म्हणाला, "शी विल बी राइट, मेट," म्हणजे होईल सगळं ठीक. आयुष्यात कुणाला मोठ्याने न बोललेला हा माणूस ओरडला, "नो! शी विल नॉट बी राइट!" आणि कोचची समजूत घालून त्याने बस मागे वळवायला लावली. वस्तीवरच्या एका बाईने हॉल उघडून दिला, सूप केलं, आणि तिच्या घरातला फोन बंद पडण्याआधी याने ती एक रिंग दिली. "अरे, दोन शब्द बोलला असतास!" असं मी नंतर झापलं, तर म्हणतो, "पोचलो की एकच रिंग, ठरलंय ना आमचं?"

पण सकाळी वस्तीतून मोठ्या रस्त्याला येणाऱ्या वाटेवरची झाडं हटवेपर्यंत दुपार झाली. ऑकलंडात लख्ख ऊन पडलं होतं. वादळाने निम्मी मैदानं बंद पाडलेली, त्यामुळे सामना पुढे ढकलायला एकही मैदान मोकळं नव्हतं. आमच्या मुली वेळेवर आल्या नाहीत म्हणून समोरच्यांना विजयी जाहीर केलं. सगळा मोसम खालच्या गटात गेला, आणि ईशाला निवड करणाऱ्यांनी पाहिलंच नाही. मुलांची बस तर त्याच रस्त्याने आली होती! रात्रभर दुसऱ्या गाड्याही जात राहिल्या म्हणे. आदल्या रात्री मिठी मारणारा ग्रेगसुद्धा आठवड्याभरात म्हणायला लागला, मिलिंद जरा जास्तच घाबरला. ईशा तर सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, द रोड वॉज ओपन!" त्यानंतर ती त्याच्या गाडीत बसायची नाही, मैत्रिणीबरोबर जायची. हा मात्र प्रत्येक सामन्याला बर्फ आणि संत्री घेऊन हजर. कडेला बसलेले लोक त्याला बघून आपापसात काहीतरी बोलायचे, आणि हा ऐकू न आल्यासारखा पाण्याच्या बाटल्या भरत राहायचा.

एकदा त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघंच होतो. तो मुलींच्या जर्सी वाळत टाकत होता. मला विचारलं, "सत्या, खरं सांग, मी चुकलो का रे?" मी नेहमीसारखी चेष्टा करायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून एक जर्सी उचलून दोरीवर टाकली. "बस पुढे गेली असती तर काय झालं असतं, हे मला कधीच कळणार नाही," तो म्हणाला. "कदाचित काहीच झालं नसतं. बहुतेक काहीच नसतं झालं. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा मी ईशाला कुठून आणून देऊ?" मग म्हणाला, "उद्या परत तसंच झालं तर मी परत बस थांबवणार. पण तिला एकदा तरी कळावं रे... कळेल का?" मी म्हटलं, "कळेल रे, पोर आहे अजून." असं म्हणायला काय जातं!

या फेब्रुवारीत ईशा वेलिंग्टनला विद्यापीठात गेली. बापाशी बोलायची, नाही असं नाही, पण हवापाण्याचं, अभ्यासाचं. आणि जूनमध्ये तो गेला. अंत्यविधीला पोरगी ताठ उभी होती, आलेल्यांना पाणी देत होती, डोळ्यांत टिपूस नाही. ग्रेग ढसाढसा रडला, ही नाही. मला तिची फार धास्ती वाटत होती. बाप गेला आणि मनातलं राहून गेलं, हे ओझं घेऊन पोरीने कसं जगायचं? वैशालीपाशी हे बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. तीही तेच घोकत असणार, मला तिच्या तोंडावर दिसत होतं.

गेल्या शनिवारी संध्याकाळी ईशाचा फोन आला. ती आपणहून मला कधीच फोन करत नाही, त्यामुळे तिचं नाव दिसताच मी घाईने उचलला. "काय गं, बरी आहेस ना?" ती नेहमीसारखी इंग्रजीतच बोलत होती, पण तुटक तुटक. तिकडे ती एका कॉलेजच्या मुलींच्या टीमला कोचिंगमध्ये मदत करते. सकाळी व्हॅनने घाट ओलांडून पलीकडे सामन्याला निघाले होते. घाटाच्या पायथ्याशीच वारा व्हॅनला बाजूला ढकलायला लागला. एका मुलीचे वडील व्हॅन चालवत होते, त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. हिने व्हॅन मागे वळवायला लावली. सामना गेला. मुली वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, ते गृहस्थही बोलले नाहीत.

"अँड काका," ती म्हणाली, "द रोड वॉज ओपन. ऑल डे."

मग तिने विचारलं, "हाउ डिड ही डू इट? दे ऑल लुक ॲट यू... अँड ही स्टिल केम. एव्हरी सिंगल गेम, काका." आणि ती रडायला लागली. अंत्यविधीला रडली नव्हती, त्याचं सगळं आत्ता बाहेर येत होतं. मी तिला रडू दिलं. तिची समजूत काढायला जो हवा होता तो नव्हता. शेवटी मी एवढंच विचारलं, "मुली कुठे आहेत गं आता?"

"घरी," ती म्हणाली. नाक ओढलं, आणि मग हळूहळू, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "सगळ्या घरी आहेत, काका. मी प्रत्येकीला फोन करून विचारलं."