आधी कोरं पान

काचेची बशी उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि समोरच्याकडे न बघताच विचारायचं, "कोरं पान कुठं हाय?" आमच्या सरांची ही सवय अकोल्यातल्या प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. ज्याला सगळे कंट्रोल म्हणतात, त्याला ते कोरं पान म्हणत. ज्या कपाशीत आपण बाहेरचं कुठलंच जनुक घातलेलं नाही, तिचं पान. ते शेजारी असल्याशिवाय ते कुणाच्याही निकालावर विश्वास ठेवत नसत. अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या सरांचा संशय मात्र कामाचा होता, निदान तेव्हा तरी तसं वाटायचं.

मी नवी असताना रिपोर्टर जनुक म्हणजे काय, हे त्यांनी मला तेल्हाऱ्याच्या आपल्या शेतातून शिकवलं.

"मोटार विहिरीत, तू बांधावर. मोटार सुरू झाली का नाई, तुले कसं समजन?"

"आवाजावरून," मी म्हटलं.

"आवाज येतच नाई असं समज. मंग त्याच वायरवर एक बल्ब लाव. बल्ब लागला का मोटार चालू."

पेशीतलं जनुक चालू आहे की बंद, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ज्या बटणावर ते चालतं, त्याच बटणाला रंग देणारं दुसरं जनुक जोडायचं. आमचा बल्ब निळा होता. पानाचे तुकडे रसायनात बुडवून उबेत ठेवायचे आणि मग स्पिरिटने त्यांचा हिरवा रंग काढून टाकायचा. जनुक चालू असेल तिथे निळं उरतं. कोरं पान पांढरंफटक पडतं.

माझं पहिलं पान निळं झालं तेव्हा मी थेट पेढे घेऊनच गेले. सरांनी बशी उजेडाकडे धरली.

"कोरं पान बी नियं हाय वो. हा रंग पानावरच्या जिवाणूनं देल्ला."

सगळी मेहनत त्यांनी मला बेसिनमध्ये ओतायला लावली आणि वर दोन पेढे खाल्ले. "तीन डाव सारखं येऊ दे, मंग वाट पेढे." मी कोपऱ्यात जाऊन रडले. थोड्या वेळाने ते स्वतः चहा घेऊन आले.

सरांना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा. पुडी दाराबाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवून मगच ते आत येत. "आतल्या जिवाणूले तरास होते," म्हणत, आणि आम्ही हसायचो. मग एक दिवस जेवताना त्यांनी ठेचा बाजूला सारला. पुढे भाकरीचा घास लहान होत गेला, तोंड पुरतं उघडेना. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. सर म्हणाले, "एका तुकड्यावरून काय सांगता येते?" अमरावतीला दुसरा तुकडा दिला, तिथेही तेच निघालं. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "शेजारी चांगल्या गालाचा तुकडा ठेवला होता का?" डॉक्टर वैतागले. सर म्हणाले, आता तिसरीकडे दाखवू, पण हातातला प्रयोग आटोपल्यावर. पावसाळा गेला, दिवाळी गेली. चट्ट्याची जखम झाली.

सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. "माहं तं ऐकतच नाईत. तुह्यं ऐकतीन. सांग ना माय त्याईले."

मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. "सर, दोन्हीकडे एकच आलंय. ऑपरेशन करून घ्या."

"तिसऱ्या डावाबिगर मानता येत नाई. विसरली काय तू?"

हे म्हणताना ते रिकामीच बशी उजेडाकडे धरून बघत होते. तेव्हा मला कळलं, हे शास्त्र नाही. माणूस घाबरलाय, आणि लपायला त्याला आयुष्यभराची शिस्त सापडली आहे. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो, आणि मग रडू येतं.

तिसरा निकालही तोच आला, पण तोवर गळ्यात गाठी उतरल्या होत्या. अर्धा जबडा काढला, जीभही गेली. पोळ्याच्या थोडं आधी सर गेले.

त्याआधी मी त्यांना एकदा भेटून आले होते. माझ्या प्रयोगाचा निकाल एकदाचा लागला होता, म्हणून स्पिरिटमधल्या पानांच्या दोन बाटल्या सोबत नेल्या. आधी कोरं पान हातात दिलं. मग दुसरं, ज्याच्या फक्त शिरा निळ्या झाल्या होत्या. सरांनी बाटल्या खिडकीकडे धरल्या, एक डोळा बारीक केला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे बघून तीन बोटं वर केली.

"हो सर," मी म्हणाले. "तिन्ही डाव तेच आलं."

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सरांनी सावकाश मान हलवली. या वेळी त्यांना काही विचारायचं नव्हतं. बोटं मात्र तशीच वर राहिली होती. काकू जवळ आल्या, त्यांनी ती एकेक करून मिटली आणि तो हात हातात धरून बसल्या.